चिमट्यांची कुंडी

१२ ऑक्टोबर

"नियम आधी घरच्यांना, मग गावाला."

बाबांचं वाक्य. किती वर्षांनी आठवलं! आज शेवंती मंडळाच्या बैठकीत यंदाची तपासनीस म्हणून माझं नाव पुकारलं, आणि टाळ्या वाजत असताना कानात हेच.

मी तेव्हा नववीत होते. बाबा मंडळाचे तपासनीस. त्या वर्षी आईने पहिल्यांदाच एक कुंडी प्रदर्शनात उतरवली होती. पांढरी शेवंती, एका दांडीवर एकच फूल, चांगलं ताटलीएवढं. लोक थांबून थांबून बघत होते. आई बाजूला हात मागे बांधून उभी, जणू कुंडी तिची नव्हेच. बाबा आले, कुंडीपुढचं कार्ड उचललं आणि खिशात घातलं. रोप मंडळाने ठरवलेल्या मुदतीनंतर घरात आलं आहे, म्हणाले. शेजारणीने दिलं होतं ते, थोडं उशिरा. बाहेरच्या कुणाला कळण्याचा प्रश्नच नव्हता. बाबांना ठाऊक होतं, कारण ते तिच्याच घरात राहत होते! कुणीतरी म्हणालं, अहो, एवढं चालतं. त्यावर ते वाक्य. आवाज न चढवता.

आईने कुंडी उचलली आणि चालू लागली. रस्ताभर बाबा मागून म्हणत होते, "दे इकडे, जड आहे." तिने दिली नाही.

त्यानंतर तिने प्रदर्शनात पाऊल ठेवलं नाही. कुंडी अजून गच्चीवर आहे. कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवते त्यात.

१३ ऑक्टोबर

नवऱ्याला सांगितलं, तपासनीस झाले म्हणून. म्हणाला, "आता आमटीत मीठ विसरलं तरी कोणत्या कलमाखाली ते सांगशील."

हसले. मग वाटलं, बाबाही घरात तसेच बोलायचे.

१७ ऑक्टोबर

माझ्या दुकानात दिवसभर फोटोंच्या चौकटी कापल्या. मला हे काम आवडतं. कोपरा पंचेचाळीस अंशात बसला की बसला, त्यात कुणाचं मन मोडायचा प्रश्न येत नाही.

संध्याकाळी मास्तर आले. निवृत्त पोस्टमास्तर, माझ्यासोबतचे दुसरे तपासनीस. हे काम पुष्कळ वर्षं करतात. त्यांनी मला सगळं पुन्हा समजावलं, जसं काही मी बाबांची मुलगी नाहीच. तीन कामं स्पर्धकाच्याच हातची हवीत. लावणी, खुडणी, बांधणी. पाणी कुणीही घाला, सावली कुणीही करा. पण या तीन कामांना दुसरा हात लागला तर नोंद बाद.

घरोघर जायचं. स्पर्धकाने कुंडीच्या काठावर हात ठेवायचा. आपण विचारायचं — लावणी कुणाची? खुडणी कुणाची? बांधणी कुणाची? तो तिन्ही वेळा "माझी" म्हणाला की बुंध्याला पत्र्याचा बिल्ला तारेने बांधून मोहोर दाबायची. मग ती कुंडी बदलता येत नाही.

मी विचारलं, कुणी खोटं बोललं तर? मास्तर म्हणाले, "कुंडीवर हात ठेवून? मी तरी पाहिला नाही. एकाने पाकळी गोंदाने चिकटवली होती, पण हात ठेवायची वेळ आली तेव्हा रडला बिचारा."

नातेवाइकाच्या घरी दुसऱ्या तपासनिसाने विचारायचं. म्हणजे बाबांना मास्तर विचारतील. बरं झालं.

बाबा यंदा उतरताहेत. मधली दोन वर्षं त्यांनी नोंद केली नव्हती. हात थरथरतो आता. डॉक्टरांनी नाव सांगितलं त्या आजाराचं, पण घरात ते नाव कुणी घेत नाही. "जरा हात हलतो" एवढंच. परवा फोनवर म्हणाले, फिरता करंडक एकदा आणखी घरी यावा असं वाटतं. मग बास.

बाबांनी "वाटतं" हा शब्द वापरला, याचंच मला नवल वाटत राहिलं.

२१ ऑक्टोबर

आजचा दिवस वाईट गेला.

इस्पितळामागच्या चाळीवजा इमारतीत तळमजल्यावर एक नर्सबाई राहतात. खोलीला लागून चिंचोळा ओटा, त्यावर पाच कुंड्या. तांबूस रंगाची शेवंती, अजून कळीतच, पण काय बांधा होता झाडांचा! मास्तरांनीसुद्धा चष्मा काढून पुसला.

नर्सबाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये. इस्पितळाच्या ओल्या जिन्यावरून पडल्या. डावा हात त्यांनी काठावर ठेवला. मी विचारलं, लावणी कुणाची? माझी. खुडणी कुणाची?

त्यांनी प्लास्टरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पहिली माझी. हात मोडल्यानंतरची बहिणीची. मी शेजारी बसून सांगत होते, कोणती ठेव, कोणती काढ. चिमूट फक्त तिची."

आमच्याकडे सगळं त्या चिमटीवर असतं. एका दांडीला मधली एक कळी येते — बाबा तिला राजकळी म्हणतात — आणि तिच्याभोवती आठ-दहा. भोवतीच्या सगळ्या काढायच्या, म्हणजे सगळा जीव राजकळीत उतरतो. जरा बोट घसरलं की राजकळीच जाते, आणि वर्ष गेलं.

मी मास्तरांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. मी सांगितलं, नोंद बाद होईल.

त्यांनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "मी सांगितलंच नसतं तर?"

"तर कळलं नसतं."

"मग हा नियम खरं बोलणाऱ्यांसाठीच आहे म्हणा ना."

बहीण आतून चहा घेऊन आली होती. तिला काय झालंय ते कळेना. ती सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. चहा प्यायलो आम्ही. नाही म्हणण्याचं धैर्य दोघांनाही नव्हतं.

२२ ऑक्टोबर

काल मी बरोबर वागले. तरी सकाळपासून हातून दोन काचा फुटल्या.

२६ ऑक्टोबर

बाबांकडे गेलो. कसं लिहू.

घर तळमजल्यावर, पण गच्चीचा जिना तीन मजल्यांचा. मास्तरांचे गुडघे खालीच बोलायला लागले होते. आईने त्यांना खुर्ची दिली, पंखा लावला, खाण्याचं पुढे केलं. म्हणाली, "तुम्ही कशाला चढताय? ती जाईल की वर." मास्तर म्हणाले, तू बघून ये आणि विचारूनही ये, मी सही करतो. मी म्हटलं, नियम तसा नाही. ते म्हणाले, "अगं, तुझ्या बाबांना नियम विचारायचा म्हणजे मासळीला पोहता येतं का विचारायचं." आणि ताटली जवळ ओढली.

बाबा आधीच वर जाऊन थांबले होते. स्वच्छ सदरा, केस नीट बसवलेले. सात कुंड्या ओळीने. शेवटी भिंतीला टेकून आईची चिमट्यांची कुंडी.

मी पहिल्या झाडापाशी वाकले. झाड वाढतं तसं त्याला काठीशी दोऱ्याने बांधत जावं लागतं, म्हणून खालच्या गाठी जुन्या, वरच्या ताज्या. खालच्या बाबांच्या. चौकोनी, दोन्ही टोकं कात्रीने बरोबरीत कापलेली. लहानपणापासून ओळखते मी त्या. वर वर जात राहिले. पाचव्या गाठीपासून हात बदलला.

दोन वेढे, आणि शेपूट परत आत घातलेलं. टोक कुठेच दिसत नाही. ही गाठ माझ्या मानेला ठाऊक आहे! शाळेच्या रिबिनीला आई अशीच गाठ मारायची, मानेला टोचू नये म्हणून. जगात दुसरं कुणी अशी गाठ मारताना मी पाहिलेलं नाही.

सातही झाडांवर तसंच. खुडणीही दोन हातांची. खाली बाबांच्या कात्रीचे बारके खुंट उरलेले, वर नखाने अगदी साफ काढलेल्या कळ्या, बोट फिरवलं तर कळूही नये. आणि सातही राजकळ्या शाबूत, टपोऱ्या.

बाबांनी काठावर हात ठेवला. हात हलत होता. कुंडीच्या काठावर त्यांची अंगठी बारीक वाजत होती. ते माझ्याकडे बघत वाट पाहत होते.

मी विचारलं नाही.

बिल्ले बांधले, मोहोर दाबली आणि खाली आले. मास्तर म्हणाले, झालं? झालं म्हटलं. त्यांनी सही केली.

आई माझ्याकडे बघत नव्हती. रिकामी ताटली विसळत होती. बराच वेळ.

२७ ऑक्टोबर

बाबांना माहीत नसेल का? रोज वर जातात ते. पण दृष्टीही कमी झालीय. अर्धं काम करतात, उरलेलं उद्यावर टाकतात, आणि उद्या जाऊन बघावं तर झालेलं असतं. आपणच केलं असं वाटत असेल. माणसाला वाटू शकतं तसं.

असंच असू दे.

३० ऑक्टोबर

आईला बाजारात गाठलं. घरी बोलता आलं नसतं. पिशवी माझ्याकडे घेतली तर म्हणाली, "पिशवी घेतलीस म्हणजे काहीतरी अवघड विचारणार आहेस."

विचारलं. तिने नाकारलं नाही. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो दोघी.

कधीपासून, तर नेमका दिवस तिलाही नीट आठवत नाही. एक दिवस खताच्या ढिगाऱ्यात तिला दोन राजकळ्या सापडल्या. खाली दाबून, वर पाला टाकून ठेवलेल्या. बाबांच्या हातून गेल्या असणार, आणि त्यांनी लपवल्या. माझ्या बाबांनी! शाळकरी पोराने फुटकी पाटी लपवावी तशा. आईने पाला परत तसाच ओढून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आडवे झाले तेव्हा ती गच्चीवर गेली.

"दुपारीच खुडायची असते," म्हणाली, "जखम लगेच सुकते." मी विचारलं, तुला कुणी शिकवलं? तिने माझ्याकडे असं बघितलं की विचारल्याची लाज वाटली. एवढी वर्षं त्या घरात राहून तिने काय फक्त चिमटेच मोजले असतील?

मी म्हटलं, आई, मी एका बाईची नोंद बाद केलीय. याच कारणासाठी. तिने तर खरं सांगितलं होतं.

आईने पदर सारखा केला. मग म्हणाली, "तुझ्या हातात मोहोर आहे, माझ्या हातात दोरा. मी माझं केलं. तू तुझं बघ."

घराच्या वळणावर पिशवी परत घेताना मात्र हळूच — "या वर्षापुरतं गं."

तिने माझ्याकडे स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. हेही स्वतःसाठी नव्हतंच.

२ नोव्हेंबर

नर्सबाई दुकानात आल्या. त्यांना माहीत नव्हतं दुकान माझं ते. मला बघून क्षणभर दारातच थबकल्या, मग आल्या. एक फोटो चौकटीत बसवायचा होता. त्या आणि बहीण, ओट्यावर, मध्ये तांबूस फुलं. उमलली त्यांची, प्रदर्शनाच्या आधीच.

"करंडक नाही तर नाही, भिंतीवर तरी लागू दे," म्हणाल्या. कुत्सितपणा नव्हता त्यात. त्यामुळे जास्त लागलं.

चौकटीचा रंग निवडताना सहज विचारलं त्यांनी, "तुमचे वडीलही उतरतात ना? बघायला येणार आहे मी त्यांची फुलं. आमच्या वॉर्डातले म्हातारेसुद्धा त्यांचं नाव काढतात. फार कडक होते म्हणे."

हो म्हटलं. माप घेतलं. चुकीचं घेतलं.

४ नोव्हेंबर

नवरा म्हणतो, गाठीला काय नाव लिहिलेलं असतं का? तू मुलगी नसतीस तर तुला कळलं नसतं. मग जे तपासनिसाला कळलं नसतं ते मुलीने विसरून जावं.

पटण्यासारखं आहे. दिवसभर ते पटवून घेतलं. संध्याकाळी आठवलं — बाबांनाही आईच्या रोपाची तारीख नवरा म्हणूनच कळली होती. तेव्हा मी त्यांना मनात काय काय म्हटलं होतं!

आणि एक भीती आहे, ती इथे लिहिते, बाकी कुठे लिहिणार? बाबांची नोंद काढली तर ती नर्सबाईंसाठी काढेन, की त्या दिवशी रस्त्याने कुंडी कवटाळून चालणाऱ्या आईसाठी? नियम लावेन की सूड घेईन? हात एकच असतो. आतलं कोण ओळखणार.

५ नोव्हेंबर

नर्सबाईंची चौकट तयार झाली. पैसे घेतले नाहीत तर त्या ओळखतील. घेतले.

८ नोव्हेंबर

आज गेले. मास्तरांना सगळं सांगून, त्यांना सोबत घेऊन. या वेळी ते तीन मजले चढले. प्रत्येक मजल्यावर थांबून. थट्टा केली नाही त्यांनी.

बाबा गच्चीवर स्टुलावर बसले होते. आईही तिथेच, कपडे वाळत घालत होती. आम्हाला बघून तिच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

मी म्हटलं, बाबा, त्या दिवशी मी प्रश्न विचारले नव्हते. आज मास्तर विचारतील.

बाबा उठले. आधाराला कुंडीचाच काठ धरला. मास्तरांनी घसा साफ केला. "लावणी कुणाची?"

"माझी."

"खुडणी कुणाची?"

तारेवरची चादर हलत होती, तिचाच तेवढा आवाज. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे नाही. मग काठावरून हात उचलला आणि खिशात घातला. 

मास्तरांनी तिसरा प्रश्न विचारला नाही. मी वाकून बिल्ले कापायला लागले. तारा कडक होत्या. सातही मोजून खिशात घातले.

बाबा म्हणाले, "कलम?"

सांगितलं.

"बरोबर आहे," म्हणाले, आणि मास्तरांना विचारलं, गुडघ्यांना कोणतं तेल लावता.

आई माझ्यामागून जिन्यापर्यंत आली. आवाज अगदी खालचा. "दोरे मी बांधले, आणि शिक्षा त्यांना. अगदी बापावर गेलीस."

जिन्यात मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला. का, कोण जाणे. त्यांचा काय दोष.

११ नोव्हेंबर

आईला फोन केला. "ठेवते, गॅसवर आहे."

१५ नोव्हेंबर

फोन केला. बाबांनी उचलला. आई देवळात— नाही, शेजारी गेलीय म्हणाले. शब्द बदलला त्यांनी मध्येच. खोटं बोलायची सवय नाही.

२४ नोव्हेंबर

मंडळाच्या बैठकीत नर्सबाईंची आणि बाबांची नोंद एकामागोमाग वाचली गेली. कारण एकच. कुणीतरी पुटपुटलं, सख्ख्या बापाला सोडलं नाही. कौतुक होतं की शिवी, कळलं नाही. दोन्ही असेल.

मी सुचवलं की पुढच्या वर्षीपासून जोडनावाने नोंद घ्यावी, दोन हात असतील तर दोन नावं. चर्चा झाली. पुढच्या बैठकीवर ढकललं.

७ डिसेंबर

प्रदर्शन. करंडक बाजारातल्या सायकलवाल्याला मिळाला, तोही यंदा उतरला होता. त्याची पिवळी शेवंती खरंच देखणी होती. वाद नाही.

बाबा आले! एकटे, काठी घेऊन. प्रत्येक टेबलापाशी थांबले. पिवळ्या फुलापुढे वाकून सायकलवाल्याला म्हणाले, दांडी जरा जाड हवी होती, पण मन भरलं. तो बिचारा पाया पडायचाच बाकी होता.

मग नर्सबाई त्यांच्यापाशी गेल्या. प्लास्टर निघालं होतं, हात अजून जपून धरलेला. त्यांनी स्वतःची ओळख करून दिली असावी. त्यांचं बोलणं मला अर्धवट ऐकू आलं. "तुमचंही काढलं म्हणे?" आणि बाबा — "हो. मुलीने."

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याचा मला अर्थ लागला नाही. दुखावलेला माणूस असा दिसत नाही. पण बाबांचा चेहरा मला कधी वाचता आलाय?

जाताना नर्सबाईंनी मला लांबूनच मान हलवली. एवढंच. मला तेवढं पुष्कळ झालं.

आई आली नाही.

१४ डिसेंबर

घरची सात फुलं आईने कापून शेजाऱ्यांत वाटली असं बाबांकडून कळलं. एक इथे पाठवलं असतं तर. नाही पाठवलं.

२१ डिसेंबर

आई दवाखान्यात चष्म्यासाठी गेलेली असताना बाबांनी मुद्दाम बोलावलं. गच्चीवर होते. फुलं गेल्यावर झाडं बुंध्याशी छाटलेली, त्यांच्या मुळातून कोवळे मुनवे वर आलेले. पुढच्या वर्षीची रोपं यांचीच होतात. कठड्यावर कपड्यांचे चिमटे ओळीने मांडून ठेवले होते.

मला बसवलं. एवढं सलग ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

"तिची गाठ मला ओळखता येणार नाही का? माझ्या डब्याच्या फडक्याला जन्मभर तीच होती. दोन राजकळ्या गेल्या तेव्हाच माझं संपलं होतं. मग मी काम अर्धं ठेवायला लागलो, मुद्दाम. ती दुपारी वर जायची. मी डोळे मिटून पडायचो. जिना उतरताना तिचं गुणगुणणं ऐकू यायचं. किती वर्षांनी."

मग नोंद कशाला केलीत, मी विचारलं.

"नोंद नसती तर ती वर कशाला गेली असती?" मग म्हणाले, "आणि तपासनीस तू होतीस. करंडक चुकीच्या नावाने घरी येणार नाही याची खात्री होती. त्या दिवशी तू विचारलं नाहीस तेव्हा मात्र घाबरलो होतो."

 त्यांनी आईची कुंडी माझ्याकडे सरकवली. रिकामी, आतून पुसलेली.

"फक्त रिकामी केलीय. माती भरली नाही, मुनवा तोडला नाही. माझा हात लागलेला चालणार नाही. मुदतीच्या खूप आधी आहे. मला विचारता येत नाही तिला. तू विचार."

आता जिन्यात तिची पावलं वाजताहेत. मी पिशवीतली वही कठड्यावर टेकवून हे लिहितेय. ती चिमटे बघेल, कुंडी बघेल, आणि नाहीच म्हणेल. माझ्याशी तर बोलतही नाही ती.

तरी विचारते — आई, यातला एक मुनवा तुझ्या हाताने लावशील? तुझ्या नावाने?